चार अणूंचे वलय : चक्रीय अमाइडे आणि आधुनिक औषधोपचार

ग्रामीण भागातील दवाखान्याच्या औषधभांडारात काही वस्तू बहुधा आढळतातच. पाणी मिसळून टोचावयाच्या पेनिसिलीनची कुपी, लहान मुलांसाठी ॲमॉक्सिसिलीनची कोरडी भुकटी असलेली बाटली आणि जखमेवर लावावयाचे तपकिरी पोव्हिडोन-आयोडीन. कोकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमाराच्या होडीत नायलॉनचे जाळे असते. औषध आणि जाळे यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सर्व द्रव्ये एकाच कुळातील आहेत. या कुळास चक्रीय अमाइडे किंवा लॅक्टमे असे म्हणतात. त्यांपैकी चार अणूंचे एक लहानसे वलय गेली आठ दशके माणसाचे प्राण वाचवीत आले आहे. त्या वलयाची शक्ती आज क्षीण होऊ लागली आहे, आणि ती टिकविण्याचे काम केवळ डॉक्टरांचे व शास्त्रज्ञांचे राहिलेले नाही. म्हणून हा विषय प्रयोगशाळेबाहेरही समजून घेणे अगत्याचे आहे.

अमाइड म्हणजे काय?

कार्बनी अम्लाचा अमाइनाशी संयोग होऊन पाण्याचा एक रेणू बाहेर पडला म्हणजे अमाइड तयार होते. या संयुगात कार्बनचा एक अणू एकीकडे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने आणि दुसरीकडे नायट्रोजनशी एकेरी बंधाने जोडलेला असतो. कार्बन आणि नायट्रोजन यांमधील हा बंध निसर्गात सर्वत्र आढळतो. डाळीतील, दुधातील, लोकरीतील आणि माणसाच्या स्नायूंतील प्रथिने ही अमिनो अम्लांच्या लांब साखळ्या असून त्या साखळ्यांच्या कड्या याच बंधाने सांधलेल्या असतात.

हा बंध सामान्यतः मोठा चिवट असतो. नायट्रोजनच्या अणूवरील इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी शेजारच्या कार्बन-ऑक्सिजन गटाकडे काही अंशी झुकते व त्यामुळे बंधाला बळकटी येते. मात्र त्यासाठी संबंधित अणू एका सपाट पातळीत असावे लागतात. डाळ नुसत्या पाण्यात भिजत ठेवली तर तिच्यातील प्रथिने आपोआप तुटत नाहीत. ती तोडण्यासाठी जठरातील व आतड्यातील पाचक एंझाइमे लागतात, याचे कारण हेच.

एकाच रेणूच्या एका टोकाला अम्लगट व दुसऱ्या टोकाला अमिनोगट असेल, तर ही दोन टोके परस्परांशी जुळून वलय तयार होऊ शकते. असे वलय म्हणजे चक्रीय अमाइड. लॅक्टोन आणि अमाइड या दोन शब्दांवरून त्यास लॅक्टम हे नाव पडले. वलयातील अणूंच्या संख्येनुसार त्यास ग्रीक अक्षर लावण्याची प्रथा आहे. चार अणूंचे ते बीटा-लॅक्टम, पाच अणूंचे गॅमा, सहा अणूंचे डेल्टा आणि सात अणूंचे एप्सिलॉन.

तीन वलये, तीन स्वभाव

वलय लहान की मोठे यावर त्याचा स्वभाव पुष्कळसा अवलंबून असतो. सात अणूंच्या कॅप्रोलॅक्टममध्ये सहा कार्बन व एक नायट्रोजन असतो. थोड्या पाण्याच्या सान्निध्यात त्यास सुमारे 250 अंश सेल्सियस तापमानापर्यंत तापविले असता वलये उघडतात आणि एकमेकांस जोडली जाऊन लांबच लांब साखळी बनते. ही साखळी म्हणजे नायलॉन-6. जर्मन रसायनशास्त्रज्ञ पॉल श्लॅक यांनी 1938 साली ही पद्धत शोधून काढली. मासेमारीची जाळी, दोरखंड आणि वाहनांच्या टायरमधील मजबूत धागे यांसाठी नायलॉन-6 वापरले जाते.

पाच अणूंचे पायरोलिडोन हे वलय त्याहून शांत असते. पोव्हिडोन हे द्रव्य याच वलयांची माळ होय. या माळेत वलये उघडत नाहीत; ती अबाधित राहून आयोडीनला सैलसर धरून ठेवतात आणि जखमेवर ते हळूहळू सोडतात. म्हणूनच जुन्या टिंक्चर आयोडीनइतकी आग न होता जखमेचे निर्जंतुकीकरण होते.

चार अणूंच्या बीटा-लॅक्टम वलयाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यात तीन कार्बन व एक नायट्रोजन असतो. कार्बनच्या बंधांमधील स्वाभाविक कोन परिस्थितीनुसार सुमारे 109 किंवा 120 अंशांचे असतात. चौकोनी वलयात मात्र त्यांना जवळपास 90 अंशांत दाटीने बसावे लागते. ताणून वाकविलेल्या वेताप्रमाणे हे वलय सुटण्याची संधीच पाहत असते. पेनिसिलीनमध्ये तर ते पाच अणूंच्या आणखी एका वलयास चिकटलेले असते. परिणामी संपूर्ण रचना मधोमध दुमडली जाते, अणू एका पातळीत राहू शकत नाहीत आणि अमाइड बंधाला एरवी लाभणारी बळकटी येथे लाभत नाही. पेनिसिलीनचे सामर्थ्य आणि त्याचे दौर्बल्य, दोहोंचे मूळ या ताणात आहे.

पेनिसिलीनचा शोध आणि रचनेचा वाद

बीटा-लॅक्टम वलय प्रयोगशाळेत प्रथम तयार केले ते हर्मान श्टाउडिंगर यांनी, 1907 साली. त्याचा काही व्यावहारिक उपयोग होईल असे त्या वेळी कोणास वाटले नव्हते. 1928 साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जीवाणूंच्या संवर्धनाच्या एका बशीत बुरशी उगवलेली दिसली. त्या बुरशीभोवतीचे जीवाणू नष्ट झाले होते. बुरशीपासून स्रवणाऱ्या द्रव्यास त्यांनी पेनिसिलीन हे नाव दिले व 1929 मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. परंतु हे द्रव्य इतके अस्थिर होते की ते शुद्ध स्वरूपात वेगळे करणे त्यांना साधले नाही.

सुमारे दहा वर्षांनी ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व नॉर्मन हीटली यांनी हे काम हाती घेतले. 25 मे 1940 रोजी त्यांनी आठ उंदरांना घातक जीवाणू टोचले आणि त्यांपैकी चार उंदरांनाच पेनिसिलीन दिले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. 1941 च्या फेब्रुवारीत जंतुदोषाने अत्यवस्थ झालेल्या एका पोलीस शिपायास हे औषध देण्यात आले. त्यास झपाट्याने आराम पडू लागला. औषध इतके दुर्मीळ होते की रुग्णाच्या मूत्रातून ते परत मिळवून पुन्हा वापरावे लागले. तरीही साठा संपला, रोग उलटला आणि मार्चमध्ये तो रुग्ण दगावला. औषध गुणकारी आहे हे सिद्ध झाले होते. ते पुरेसे नव्हते एवढेच. पुढे अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या निवळीचा उपयोग करून आणि अधिक उत्पादन देणारी बुरशी निवडून ही उणीव भरून काढण्यात आली. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात जखमी सैनिकांना पेनिसिलीन मुबलक मिळू शकले. 1945 चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना विभागून देण्यात आले.

औषध वापरात आले तरी त्याच्या रेणूची रचना कशी आहे हे मात्र वादग्रस्तच होते. चेन आणि एडवर्ड एब्रहम यांनी चार अणूंच्या वलयाची कल्पना मांडली. रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या थोर रसायनशास्त्रज्ञास ती मान्य नव्हती, कारण इतके ताणलेले वलय निसर्गात टिकेल हे त्यांना संभवनीय वाटत नव्हते. हा वाद मिटविला तो डोरोथी हॉजकिन यांनी. पेनिसिलीनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्यांच्या विखुरण्यावरून त्यांनी 1945 साली प्रत्येक अणूचे स्थान निश्चित केले आणि बीटा-लॅक्टम वलय खरे असल्याचे दाखवून दिले. या व अशाच अन्य कार्याबद्दल त्यांना 1964 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवाणूवर परिणाम कसा होतो?

जीवाणूच्या पेशीभोवती एक भक्कम भित्तिका असते. बाजेच्या विणीत उभ्या-आडव्या दोऱ्या एकमेकींत गुंतविलेल्या असतात, त्याप्रमाणे या भित्तिकेत साखरेसारख्या द्रव्यांच्या लांब साखळ्या अमिनो अम्लांच्या आखूड दुव्यांनी परस्परांस बांधलेल्या असतात. जीवाणूच्या आतील दाब बाहेरच्यापेक्षा बराच अधिक असतो. तो दाब ही वीण सहन करते म्हणूनच जीवाणू फुटत नाही.

वीण घालण्याचे काम एक विशिष्ट एंझाइम करते. ते अमिनो अम्लांच्या दुव्याचे टोक पकडते व शेजारच्या साखळीस जोडून देते. पेनिसिलीनचा आकार या टोकाशी पुष्कळसा मिळताजुळता असतो. एंझाइम फसते आणि दुव्याऐवजी पेनिसिलीन पकडते. पकडताक्षणी ताणलेले वलय उघडते आणि एंझाइमास कायमचे चिकटून बसते. कुलपात मोडलेली किल्ली अडकावी तशी त्या एंझाइमाची अवस्था होते. वीण थांबते, वाढणाऱ्या जीवाणूची भित्तिका जागोजाग कमकुवत होते आणि आतील दाबाने तो फुटतो.

माणसाच्या पेशींना अशी भित्तिका नसते. त्यामुळे हे औषध जीवाणूस मारक आणि रुग्णास सर्वसाधारणपणे निर्धोक ठरते. विषाणूंनाही अशी भित्तिका नसते. सर्दी, पडसे, फ्ल्यू यांसारख्या विषाणुजन्य रोगांवर पेनिसिलीन किंवा ॲमॉक्सिसिलीन यांचा काहीही उपयोग होत नाही, याचे कारण यातच आहे.

नाजूक वलयाचे व्यावहारिक परिणाम

वलय जीवाणूच्या एंझाइमापाशी उघडावे, ही अपेक्षा. परंतु ते पाण्यातही हळूहळू उघडते, आणि एकदा उघडले की औषध निकामी होते. पेनिसिलीनची कुपी कोरड्या भुकटीच्या रूपात का येते आणि टोचण्याच्या वेळीच तीत पाणी का घालावे लागते, याचा उलगडा येथे होतो. मुलांच्या औषधाच्या बाटलीत उकळून थंड केलेले पाणी घातल्यानंतर ती वेष्टनावर सांगितलेल्या दिवसांतच संपवावयाची असते. मागच्या आजारातील उरलेली बाटली पुढच्या आजारासाठी जपून ठेवणे ही काटकसर नव्हे. त्या बाटलीत औषधाचा केवळ रंग आणि गोडी उरलेली असण्याचा संभव असतो.

जठरातील अम्लामुळेही मूळचे पेनिसिलीन-जी नष्ट होते, म्हणून ते टोचावे लागते. रेणूच्या बाजूच्या भागात योग्य फेरफार केल्यावर अम्लाला दाद न देणारी व पोटात घेता येण्याजोगी औषधे मिळाली.

उघडलेले वलय कधीकधी रुग्णाच्या रक्तातील प्रथिनांना चिकटते. काही व्यक्तींचे शरीर अशा प्रथिनास परके समजून त्याविरुद्ध उठाव करते. अंगावर गांधी उठणे, धाप लागणे आणि क्वचित प्राणावर बेतणे असे प्रकार त्यातून उद्भवतात. म्हणून हे इंजेक्शन तातडीच्या उपचारांची सोय असेल तेथेच आणि जाणकार व्यक्तीकडूनच घ्यावयाचे असते. पूर्वी असा त्रास झालेला असल्यास तो डॉक्टरांस न विसरता सांगितला पाहिजे.

नवी औषधे आणि पिंपरीचा कारखाना

पेनिसिलीन निर्मितीत भारताने स्वातंत्र्यानंतर लवकरच पाऊल टाकले. पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड हा सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे त्यास साहाय्य लाभले, आणि 1955 साली तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. परदेशातून येणाऱ्या महाग औषधाऐवजी देशात तयार झालेले औषध सरकारी दवाखान्यांतून मिळू लागले, हे या उपक्रमाचे मोठे श्रेय होय. कालांतराने पेनिसिलीन-जी या मूळ द्रव्यासाठी देश मोठ्या प्रमाणावर आयातीवर, मुख्यतः चीनवर, अवलंबून राहू लागला. 2020 साली केंद्र सरकारने मूळ औषधी द्रव्यांच्या देशी उत्पादनास प्रोत्साहन देणारी योजना आखली, तीत पेनिसिलीन-जीचा समावेश करण्यात आला.

दरम्यान जगभर संशोधन चालूच होते. 1957 मध्ये अमेरिकेत जॉन शीहान यांनी पेनिसिलीन-व्ही पूर्णतः प्रयोगशाळेत घडविले. त्याच सुमारास इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी पेनिसिलीनचा गाभा स्वतंत्रपणे मिळविला. गाभा तोच ठेवून बाजूचे गट बदलण्याची सोय झाल्यामुळे ॲम्पिसिलीन, क्लॉक्सासिलीन, ॲमॉक्सिसिलीन अशी औषधे तयार झाली. इटलीतील सार्डिनिया बेटावर ज्युसेप्पे ब्रोत्सू यांनी 1945 साली सांडपाण्याच्या निकासाजवळील समुद्राच्या पाण्यातून एक बुरशी मिळविली होती. तिच्यापासून पुढे सेफॅलोस्पोरीन वर्गातील औषधे निघाली. अतिगंभीर रुग्णांसाठी रुग्णालयात वापरली जाणारी कार्बापेनेम औषधे त्यानंतर आली. या सर्वांच्या केंद्रस्थानी तेच चार अणूंचे वलय आहे.

जीवाणूंचे प्रत्युत्तर

वलय उघडण्याची युक्ती जीवाणूंनाही अवगत आहे. पेनिसिलीन वापरात येण्यापूर्वीच, 1940 साली, एब्रहम आणि चेन यांनी एका जीवाणूत पेनिसिलीनचा नाश करणारे एंझाइम असल्याचे नोंदविले होते. अशा एंझाइमांना आज बीटा-लॅक्टमेझ म्हणतात. ती पाण्याच्या साह्याने वलय उघडतात व स्वतः मोकळी होऊन पुढच्या रेणूकडे वळतात. औषध लक्ष्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच निष्प्रभ होते. याखेरीज काही जीवाणू वीण घालणाऱ्या एंझाइमाचा आकारच असा पालटतात की औषध त्यास चिकटू शकत नाही. मेथिसिलीन हे औषध बाजारात येऊन वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच, 1961 साली, त्यास न जुमानणारे जीवाणू इंग्लंडमध्ये आढळले.

यावर शास्त्रज्ञांनी क्लॅव्ह्युलॅनिक अम्ल शोधून काढले. त्यातही बीटा-लॅक्टम वलय आहे, परंतु ते जीवाणूच्या विध्वंसक एंझाइमास गुंतवून ठेवते आणि सोबतच्या ॲमॉक्सिसिलीनला आपले काम करू देते. ही जोडगोळी 1981 पासून वापरात आहे. तथापि जीवाणूंनी पुढचेही डाव टाकले. जस्ताच्या अणूंच्या साह्याने कार्बापेनेम औषधांचेही वलय तोडणारे एक एंझाइम 2009 साली प्रसिद्ध झाले. त्यास नवी दिल्लीचे नाव देण्यात आले, आणि ते नाव देशात बरेच चर्चिले गेले. नावाच्या वादापेक्षा महत्त्वाचे हे की, अशा एंझाइमाचा जनुकीय आराखडा एका जातीच्या जीवाणूकडून दुसऱ्या जातीकडे सहज जाऊ शकतो. सांडपाणी, दूषित हात आणि अस्वच्छ रुग्णालये ही त्याची वाहने आहेत.

औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज 2022 साली प्रसिद्ध झाला. फ्लेमिंग यांनी 1945 मधील आपल्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेत पेनिसिलीन घेण्याने जीवाणू निर्ढावतील, असा इशारा देऊन ठेवला होता.

गावपातळीवरील जबाबदारी

शासनाने या बाबतीत काही नियम केले आहेत. 2013 मध्ये अधिसूचित झालेल्या एच-1 अनुसूचीनुसार वरच्या श्रेणीतील सेफॅलोस्पोरीन आणि कार्बापेनेम औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही औषधविक्रेत्याने ठेवावयाची असते. 2017 साली राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला. औषधांच्या पाकिटावरील उभी तांबडी रेघ ही डॉक्टरांच्या चिठ्ठीविना औषध घेऊ नये याची खूण आहे. परंतु नियमांची खरी कसोटी गावातच लागते.

शिक्षकांपुढील काम महत्त्वाचे आहे. शाळकरी मुलांचा घसा अनेकदा विषाणूंमुळे दुखतो व आपोआप बरा होतो. काही वेळा मात्र स्ट्रेप्टोकॉकस जातीचा जीवाणू त्याच्या मुळाशी असतो. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास काही मुलांना सांधे धरणारा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. हा जीवाणू इतक्या वर्षांनंतरही साध्या पेनिसिलीनला बळी पडतो. म्हणून घसादुखीबरोबर ताप व मानेच्या गाठी असतील तर मुलास दवाखान्यात पाठविणे, आणि झडपांचा विकार असलेल्या मुलाचे ठरावीक आठवड्यांनी द्यावयाचे इंजेक्शन चुकू नये म्हणून पालकांस आठवण देणे, एवढ्यानेही एखादे आयुष्य वाचू शकते.

पशुपालकांच्या अनुभवातून हा विषय सहज पटविता येतो. गाईला कासदाह झाल्यावर सडात पेनिसिलीन वर्गातील औषध सोडले जाते. पुढील काही दिवस त्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दूध आंबविणारे उपयुक्त जीवाणूही दुधात उतरलेल्या औषधाने मरतात. असे दूध डेअरीत घातल्यास ते इतर दुधात मिसळते आणि लोकांच्या पोटात नकळत औषधाची अल्प मात्रा जाते. पशुवैद्यकाने सांगितलेली मुदत संपेपर्यंत ते दूध संकलनात न घालण्याची शिस्त दूध संस्थांनी पाळावयास हवी.

पंचायत सदस्य आणि गावाची आरोग्य समिती यांच्या हाती सर्वांत स्वस्त उपाय आहेत. शुद्ध पाणी, बंद गटारे, शौचालयांचा वापर आणि वेळेवर लसीकरण यांमुळे जंतुदोषच कमी होतात, आणि जेथे जंतुदोष नाही तेथे औषध लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा तितकेच दिवस घेणे, दुसऱ्याचे औषध न घेणे, डॉक्टरांनी नको म्हटल्यास इंजेक्शनचा आग्रह न धरणे, या गोष्टी ग्रामसभेत वारंवार सांगितल्या पाहिजेत.

चार अणूंचे हे वलय मुळातच नाजूक आहे. ते योग्य जागी उघडले तर जीवाणू मरतो, आणि अयोग्य जागी उघडले तर औषध वाया जाते. पिंपरीत औषध तयार होऊ लागण्यापूर्वी साध्या जखमेने किंवा बाळंतपणातील तापाने माणसे दगावत असत. ते दिवस परत येऊ द्यावयाचे नसतील, तर प्रत्येक मात्रा गरजेपुरतीच आणि योग्य रोगासाठीच वापरली जाईल, हे गावोगाव पाहिले गेले पाहिजे.